फक्त बटणं राहिलीत

चावीवाल्याच्या टपरीला लागून एक शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशीन, कापायचं एक टेबल, उभा आरसा आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, आणि तो मुद्दामच दुरुस्त केलेला नाही असं गिऱ्हाइकांचं ठाम मत आहे. स्टूल डुगडुगलं की माणूस फार वेळ बसत नाही, आणि बसला नाही की आपलं काम कुठवर आलंय हे त्याला कळत नाही.

दुकानाच्या मालकीणबाईंना तोंडावर सगळे बाई म्हणतात आणि पाठ फिरली की उद्याबाई. वय अठ्ठावन्न, गळ्यात टेप, कॉलरला टोचलेल्या दोन सुया आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. हाताला अशी कला की त्यांनी शिवलेला कोट घातला की वाकलेला माणूससुद्धा ताठ दिसावा. म्हणून तर लोक टिकून आहेत. नाहीतर इतकं खोटं बोलणाऱ्या बाईला कोणी रुमालही शिवायला दिला नसता.

त्यांच्या खोट्यालाही शिस्त होती, हे मात्र मान्य करायला हवं. कापड अजून पिशवीतच असेल तर त्या सांगत, कापून झालंय. खरंच कापून झालं असेल तर, मशीनवर आहे. आणि ज्याला हात लागलेला नाही, इतक्यात लागायची शक्यताही नाही, त्याच्यासाठी खास वाक्य होतं: फक्त बटणं राहिलीत. एकदा एका गृहस्थांनी भीत भीत विचारलं की मी तर पडदे टाकले होते, त्यांना बटणं कशाला. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे असं काही पाहिलं की तेच ओशाळले आणि बरं बरं म्हणत निघून गेले.

बाहेरच्यांचं निदान कधीतरी व्हायचं. खरे हाल घरच्यांचे होते. त्यांच्यासाठी बाईंचा एकच नियम, घरचंच आहे, थांबेल. नवऱ्याच्या पँटची चेन बिघडून दोन वर्षं झाली, तो बिचारा शर्ट बाहेर काढून हिंडतो. मुलगा शाळेत असताना सबंध पाचवी त्याने चौथीच्या गणवेशात काढली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे चांगला मीटरने मोजून घ्यावा इतका होता.

आणि गंमत बघा, साऱ्या जगाला थांबवणाऱ्या या बाईला स्वतःला दहा मिनिटं थांबवत नसे. एकदा दाढ ठणकत असताना त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या, पुढे तीन माणसं बघून उठल्या आणि गाल सुजवून घेऊन घरी आल्या. वाट बघणं हे गिऱ्हाइकाचं काम, असं त्यांना मनापासून वाटे.

त्यांची धाकटी बहीण अगदी उलट. ती हॉस्पिटलात रक्ततपासणीच्या खिडकीवर बसते. सव्वीस वर्षं नंबर पुकारतेय, आणि सव्वीस वर्षांत तिने एकाही माणसाला मध्ये घुसू दिलेलं नाही. एकदा हॉस्पिटलचे मोठे साहेब स्वतःची बाही वर करून थेट खिडकीशी आले, तर धाकटीने त्यांच्या हातात एकेचाळीस नंबरचा कागद ठेवला आणि बाकाकडे बोट दाखवलं. साहेब बसले. त्या दिवसापासून ते रक्त दुसरीकडे तपासून घेतात, पण तिचा मान राखतात.

या दोघी बहिणींमध्ये दोन वर्षांपासून कापडाच्या एका तुकड्यावरून बिनसलं होतं. कापड आईचं. गडद हिरवं, जड रेशमी, हातात घेतलं की पाण्यासारखं घसरणारं. आई गेली आणि ताईच्या दुकानातल्या कपाटात पडून असलेलं हे कापड धाकटीच्या वाट्याला आलं. तिने ते ताईकडेच ठेवलं, लेकीच्या लग्नात घालायला पायघोळ ड्रेस शीव म्हणून. चार महिने आधी सांगितलं. ताईने माप नंतर घेते म्हटलं. पुढे मापाचं नाव निघालं नाही, आणि धाकटी विचारेल तेव्हा उत्तर एकच, फक्त बटणं राहिलीत. लग्नाच्या आदल्या दिवशीही बटणंच राहिली होती. धाकटी लेकीच्या लग्नात जुना, कोपरावर विरलेला ड्रेस घालून उभी राहिली, आणि त्यानंतर ताईशी कामापुरतं बोलू लागली. भांडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. धाकटी महिन्यातून एकदा फोन करून शांतपणे विचारायची, ताई, ड्रेसचं काय झालं? ताई सांगायची, बटणं. बरं, म्हणून धाकटी फोन ठेवायची.

अशात धाकटीचा पन्नासावा वाढदिवस आला आणि तिचा निरोप आला. निरोप तिच्या खिडकीवरच्या पाटीसारखा होता. रविवारी सकाळी दहाला त्या नटीच्या नव्या हॉटेलात जायचं आहे. तिथे आधी टेबल राखून ठेवत नाहीत, रांगेत थांबावं लागतं. शेवटपर्यंत थांबणार असशील तर ये. मध्येच उठून जाणार असशील तर येऊ नकोस, आणि मग पुन्हा कधीच येऊ नकोस.

उद्याबाईंनी निरोप तीनदा वाचला. हॉटेलाचं फक्त निमित्त आहे, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. त्या रांगेतून उठलं तर बहीण गेली, एवढा साधा हिशेब होता. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, पर्समध्ये सवयीने टेप टाकली आणि रविवारी चक्क दहाला पाच मिनिटं कमी असताना त्या हॉटेलाच्या दारात हजर झाल्या. धाकटी आधीच आली होती, हातात नंबराचा कागद घेऊन. नंबर चौसष्ट. आत तेव्हा एकतीस नंबर चालू होता.

हॉटेल पूर्वीच्या टायरच्या दुकानात होतं. भिंती मुद्दाम न रंगवता ठेवलेल्या, दिवे वायरीला लोंबकळणारे, आणि बाहेर फुटपाथवर रांगेसाठी लाकडी बाकं. बाकं बघताच बाईंनी ओळखलं. ज्या माणसाने बाकं घातली आहेत त्याला आपल्याला किती थांबवायचंय हे आधीपासून ठाऊक असतं. दाराशी नटीचा पुरुषभर उंचीचा फोटो होता, हातात चमचा, चमच्यात काही नाही. ही नटी पडद्यावर वीस वर्षं रडली आणि आता लोकांना अंडी खाऊ घालत होती. सकाळचा नाश्ता चुकला आणि दुपारचं जेवण लांबलं तर घरी त्याला आबाळ म्हणतात. इथे त्याला ब्रंच म्हणत होते आणि त्यासाठी गर्दी लोटली होती.

उद्याबाईंनी फोटो निरखला आणि बहिणीला सांगितलं की नटीचा ड्रेस तिच्या मापाचा नाही, मागून टाचण्या लावून आवळलाय, म्हणून ती अशी श्वास रोखून उभी आहे. धाकटी हसली नाही. नुसतं हं म्हणाली. कामापुरतं.

दारावर काळा वेस्टकोट घातलेला, पिळदार मिशांचा एक चाळिशीचा गृहस्थ हातात यादी घेऊन उभा होता. दहा वाजता त्याने सांगितलं, वीस मिनिटं. पावणेअकराला त्याने सांगितलं, तुमच्या पुढे थोडेच आहेत. आत तेव्हा एकोणचाळीस चालू होता, म्हणजे थोडे या शब्दाचं मापही त्याने सैलच घेतलं होतं. उद्याबाई चार वेळा उठल्या, चार वेळा धाकटीच्या तोंडाकडे पाहून बसल्या. त्यांनी बाकाच्या फळ्या मोजल्या. समोरच्या माणसाच्या शर्टाची शिवण तपासली आणि ती कोणत्या दुकानातली असेल ते ओळखलं. आपल्या स्टुलावर बसणारे लोक इतका वेळ नक्की काय करत असतील, असा एक विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आवडला नाही म्हणून त्यांनी पुन्हा फळ्या मोजल्या.

साडेअकरा वाजून गेले तेव्हा यादीवाला त्यांच्यापाशी येऊन अगदी गोड हसला आणि म्हणाला, आता झालंच, तुमचं टेबल पुसतायत.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक. बाईंचा चेहरा एकदम खुलला. सकाळपासून त्यांना या माणसात काहीतरी ओळखीचं दिसत होतं, ते काय ते आता कळलं. त्या धाकटीच्या कानाशी लागल्या आणि धंद्यातली गोष्ट धंद्यातल्या माणसाने सांगावी तशा जोरात कुजबुजल्या, "खोटं बोलतोय. टेबल पुसतायत म्हणजे त्या टेबलावरच्यांनी अजून मागवलंसुद्धा नाही. आमच्याकडे बटणं राहिलीत म्हणतात, तसं."

बोलून झालं आणि मग त्यांना ऐकू आलं आपण काय बोललो ते.

धाकटीने मान वळवली नाही. ती समोर नटीच्या रिकाम्या चमच्याकडे बघत बसली. कान लाल झाले होते एवढंच. चाळीस वर्षं लपवून ठेवलेलं धंद्याचं गुपित बाईंनी फोडलं, तेही नेमकं त्या एकीपाशी जिला त्या दोन वर्षं बटणं सांगत होत्या. जीभ चावायची तर आता उशीर झाला होता.

माणूस ओशाळला की हाताला काम शोधतो. बाईंना ते लगेच सापडलं, कारण यादीवाल्याच्या वेस्टकोटाची काखेतली शिवण चांगली वीतभर उसवली होती आणि त्याने हात वर करून नंबर पुकारला की आतलं पांढरं अस्तर सगळ्या रांगेला दर्शन देत होतं. बाईंनी त्याला बाजूला बोलावलं, कॉलरची सुई काढली, पर्समधून काळा दोरा काढला आणि वेस्टकोट अंगावर असतानाच अशी शिवण घातली की कुठे उसवलं होतं ते त्यालाही सापडेना. तो गहिवरला. सकाळपासून त्या रांगेत त्याच्याशी कोणी प्रेमाने वागलं नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं की खिडकीजवळचं दोघांचं टेबल आत्ता रिकामं होतंय, तुम्ही दोघी माझ्यामागून चला.

बाई विजयाने परतल्या. पर्स उचलली, चल म्हणाल्या. धाकटी जागची हलली नाही.

"कितवा नंबर चालू आहे?" तिने विचारलं.

"त्रेपन्न. पण त्याने आपल्याला..."

"आपला चौसष्ट आहे." धाकटीचा आवाज खिडकीवरचाच होता, पण जरा कापत होता. "आईचं कापड मागे, माझं मागे, भावोजींची पँट मागे. कोणी ओळखीचं आलं, कोणी गोड बोललं की ते पुढे. आज नंबराने जायचं, ताई. मला एकदा तुझ्याबरोबर नंबराने जायचंय."

बाईंनी पर्स खाली ठेवली. यादीवाल्याला हातानेच नको म्हणून सांगितलं. तो गोंधळला. नंबराआधी मिळणारं टेबल नाकारणारं माणूस त्याने हॉटेल उघडल्यापासूनच्या आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं.

चोपन्न गेला, पंचावन्न गेला. सहा जणांचं एक कुटुंब कंटाळून निघून गेलं आणि जाताना उरलेल्यांकडे वेड्यांकडे बघावं तसं बघून गेलं. बाईंना आता उठावंसं वाटत नव्हतं, आणि बसवतही नव्हतं. शेवटी त्या बाकाच्या फळीकडे बघत म्हणाल्या, "कापलेलं नाही."

"काय?"

"कापड. अजून कापलेलंच नाही मी."

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली होती. ताई दोरा आणायला बाहेर गेलेली, दुकान चावीवाल्याच्या भरवशावर. धाकटीने कपाट उघडलं. खालच्या खणात हिरवं कापड होतं, घडी न मोडलेलं, आणि घडीवर टाचणीने लावलेली मापांची चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव होतं, आई. धाकटीने कपाट लावून घेतलं आणि स्टुलावर जाऊन बसली. ताई आली, आणि तोंडभरून म्हणाली, फक्त बटणं राहिलीत.

"मला वाटलं, उद्या सांगशील," धाकटी म्हणाली. "मग वाटलं, लग्न पार पडल्यावर सांगशील. दर महिन्याला फोन करत होते ते ड्रेससाठी नव्हते करत गं. तू एकदा खरं सांगशील म्हणून करत होते."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी जे सांगितलं ते आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ते कापड आईने स्वतःसाठी घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा काही स्वतःसाठी घेतलं आणि लेकीच्या दुकानात आणून दिलं. लेकीने माप घेतलं, चिठ्ठी टाचली आणि कापड खालच्या खणात ठेवलं. घरचंच आहे, थांबेल. आई अधूनमधून यायची, डुगडुगत्या स्टुलावर बसायची, कधी विचारायची, पण लगेच म्हणायची, घाई नाही गं, आधी लोकांचं कर.

"तिलासुद्धा मी तेच सांगायचे," बाई म्हणाल्या. "बटणं राहिलीत म्हणून. शेवटी दवाखान्यात होती तेव्हासुद्धा. ती म्हणाली, बरी झाले की घालते."

आणि उद्याबाई रडायला लागल्या. आवाज न करता रडायची कला त्यांना नव्हती, त्यामुळे सगळी रांग वळून बघायला लागली. रांगेला वाटलं, बाईंना भूक असह्य झाली. मागच्या बाकावरच्या एका प्रेमळ आजोबांनी खिशातून बिस्किटांचा पुडा काढून पुढे केला आणि यादीवाल्याला चार शब्द सुनावले. यादीवाला घाबरून म्हणाला की खरंच हो, आता खरंच पुसतायत.

त्यावर धाकटीला हसू फुटलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, तर ते नाकातून आलं. बाईंनी रडता रडता तिच्याकडे बघितलं आणि त्याही हसल्या. दोन वर्षांनी दोघींनी एकाच पुड्यातली बिस्किटं खाल्ली.

मग बाईंनी डोळे पुसले, पर्समधून टेप काढली आणि म्हणाल्या, उभी राहा. धाकटी म्हणाली, इथे? बाई म्हणाल्या, इथेच, आत्ताच, मला माझा भरवसा नाही. नंबराचा कागद उलटा करून त्यांनी आजोबांच्या हातात दिला, पेन दिलं आणि लिहून घ्यायला सांगितलं. आजोबा खूश झाले. तासाभरात त्यांना पहिल्यांदाच काही काम मिळालं होतं. खांदा झाला, छाती झाली. शिवणाऱ्या माणसाला मापं मोठ्याने पुकारायची सवय असते, त्यामुळे धाकटीची कंबर सबंध फुटपाथला कळली. हळू बोल ना, असं धाकटी दात आवळून म्हणाली. बाईंनी तेवढ्याच मोठ्याने आजोबांना सांगितलं की कंबरेत अर्धा इंच जास्त धरा, आज खाणं आहे.

नेमका तेव्हाच यादीवाला दारात आला आणि हात वर करून पुकारला, चौसष्ट. शिवण पक्की होती, अस्तर दिसलं नाही. चौसष्ट, त्याने पुन्हा पुकारलं. धाकटी एक हात आडवा धरून उभी होती, आणि सव्वीस वर्षं नंबर चुकवणाऱ्यांना फटकारणारी ती बाई शांतपणे म्हणाली, "पासष्टला पाठवा. आमची फक्त बाही राहिलीय."

आणि खरोखर फक्त बाहीच राहिली होती.

पुढच्या टेबलावर त्या आत गेल्या तेव्हा सव्वा वाजला होता. जे आलं ते असं: पावाचे दोन जाड, कडक तुकडे, त्यांच्यावर हिरवा पाला आणि पाल्यावर एक थरथरतं अंडं. बाईंनी सुरी लावली तर पिवळं सगळीकडे वाहिलं. त्या म्हणाल्या, हे तर अर्धवट शिवलंय, नुसता कच्चा टाका मारलाय. धाकटी म्हणाली की ते तसंच असतं. मग तिनेही एक घास खाल्ला, थोडा वेळ चावला आणि तसंच असतं हे कबूल करूनही ते चांगलं असतं असं काही म्हणाली नाही. नाव मोठं आणि लक्षण खोटं. कॉफी मात्र बरी होती, आणि त्यांनी दोन दोन कप घेतली. नटी काही आली नाही. निघताना यादीवाल्याने अभिप्रायाचं एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. त्यावर सुंदर अक्षरात एकच प्रश्न छापला होता, थांबल्याचं चीज झालं का? धाकटीने ते न भरताच पर्समध्ये टाकलं.

दोघी सरळ दुकानात आल्या. चावीवाल्याने टपरीतूनच विचारलं की कसं आहे हो ते हॉटेल, जाण्यासारखं आहे का, कारण त्याची बायको दोन महिने मागे लागली होती. बाई कुलूप काढता काढता म्हणाल्या, अंडं कच्चं, पाव दगड, पण तिला घेऊन जा, आणि बिस्किटं बरोबर ठेव. चावीवाल्याला काही कळलं नाही.

बाईंनी खालचा खण उघडला. कापड टेबलावर पसरलं. आईच्या मापाची चिठ्ठी काढून घेतली, क्षणभर वाचली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. तिच्या जागी आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी टाचली, जिच्या मागे चौसष्ट लिहिलं होतं. धाकटीने स्टूल ओढलं. ते डुगडुगलं. तिने पर्समधून ते कार्ड काढलं, चार घड्या घातल्या, आखूड पायाखाली सरकवलं आणि त्यावर बसून बघितलं. स्टूल पक्कं झालं होतं.

"किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

बाईंच्या ओठांवर सवयीचं उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. कापडाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मनातल्या मनात बेरीज केली आणि कात्री उचलली.

"पाच तास," त्या म्हणाल्या. "बटणं धरून."